हिरव्याच्या जागी पांढरा

मी बोर्ड बोलतोय. शाळेतला काळा फळा नव्हे, दुकानावरची रंगीत पाटी नव्हे, आणि परीक्षा घेऊन मुलांची झोप उडवणारं बोर्ड तर मुळीच नव्हे. मी जिप्समचा बोर्ड. दोन जाड कागदांच्या मध्ये भिजवलेली पांढरी भुकटी ओतून, दाबून, वाळवून काढलेला, बोटाएवढा जाड आणि माणसापेक्षा उंच. तुम्ही ज्या भिंतीला निर्धास्त पाठ टेकता, ती कित्येकदा मीच असतो. रंगाखाली असल्यामुळे ओळख पटत नाही, एवढंच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरून आम्ही भावंडं सरकत यायचो. एका पट्ट्यावर पांढरे, दुसऱ्यावर हिरवे. हिरव्यांच्या भुकटीत पाणी सहजी शोषू न देणारा एक मसाला घालत, आणि ओळखता यावं म्हणून अंगावर हिरवा कागद चढवत. त्यांची रवानगी बाथरूम, स्वयंपाकघर अशा ओल्या जागी. आम्ही पांढरे बैठकीत, झोपायच्या खोलीत, ऑफिसात. आम्हाला पाण्याचं वावडं. मला तर भारी हौस होती की आपण एखाद्या बैठकीत उभं राहावं, अंगावर मोठं घड्याळ असावं, आणि कंटाळलेल्या पाहुण्यांनी सारखं आपल्याकडे बघावं.

दुकानात माझं नशीब फिरलं.

तिथे एके दिवशी दोन माणसं आली. एक होता बोर्ड बसवणारा कारागीर. त्याची भाची त्याला मामा म्हणायची, आणि पुढे ते इतक्यांदा कानावर पडलं की मीही मामाच म्हणू लागलो. दुसरे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान. लोकांना खुर्चीत बसवून, एक डोळा झाकून, "आता वाचा" म्हणण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. त्यांना मी चष्मेवाले म्हणतो. घरातलं बाथरूम नवं करायचं होतं, आणि त्यासाठी दोघे बोर्ड बघायला आले होते.

मामाने सरळ हिरव्या थप्पीवर हात ठेवला. "दाजी, हे घ्यायचं."

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, थप्पीजवळ नाक नेलं आणि मान हलवली. "हिरवा? आणि टाइल पांढऱ्या? अरे, खालून हिरवट झाक मारेल."

"टाइलमधून झाक कशी मारेल? त्या काय काचेच्या आहेत?"

"तू बोर्डातला माणूस, मी रंगातला. झाक म्हणजे काय ते मला विचार. रोज सकाळी आरशात आपला चेहरा हिरवट दिसला, तर माणूस दिवसभर स्वतःला आजारी समजतो. हा पांढरा काय वाईट आहे?"

हा पांढरा म्हणजे मी.

"दाजी, हा ओल्या जागेचा नाही."

"वर टाइल लागणारच आहेत ना? मग पाणी याच्यापर्यंत जाणार कुठून?"

"निदान ताईला तरी विचारू या."

"तिला कशाला? ती म्हणेल, भाऊ सांगतोय तसं करा."

"मग करा की तसं!"

"मी सांगतोय ना," चष्मेवाले म्हणाले. मामाने हिरव्या थप्पीवरचा हात काढला. बहिणीच्या लग्नात त्याला घरच्यांनी बजावलं होतं की दाजींना उलट बोलायचं नाही, आणि त्या बिचाऱ्याने ते अजून मनावर घेतलेलं. दुकानातून निघताना चष्मेवाल्यांनी आणखी एक पाचर मारून ठेवली. "आणि हे बघ, हे आपल्यातच राहू दे."

असा मी हिरव्याच्या जागी गेलो.

मामाने मात्र काम मनापासून केलं. पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, मला त्यावर स्क्रूने आवळलं, सांधे बुजवले, आणि जिथे टाइल येणार होत्या तिथे पाणी अडवणारा लेप एकदा सोडून दोनदा मारला. टाइल माणसाच्या खांद्यापर्यंत आल्या. त्यावर मी उघडा, रंग लावलेला. जाताना मामाने माझ्यावर थाप मारली आणि पुटपुटला, "सांभाळून राहा रे बाबा."

पहिली अडीच वर्षं मी सांभाळून राहिलो. आणि खरं सांगू, बैठकीत घड्याळ मिरवणाऱ्या भावंडांना माणसं जेवढी कळली नसतील, तेवढी मला कळली. बैठकीत माणसं नीट बसतात. खरी वागतात ती कडी लावल्यावर.

चष्मेवाले आरशासमोर उभे राहून भांडायचे. न आलेल्या गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याशी, कधी कधी मेहुण्याशी. आरशातलं भांडण ते नेहमी जिंकायचे आणि खूश होऊन बाहेर पडायचे. त्यांची अकरा वर्षांची मुलगी, चिऊ, नळ सोडून द्यायची, बादली खडखड वाजवायची, केसांची दोन टोकं ओली करायची आणि "झाली अंघोळ!" म्हणून ओरडायची. चिऊची आई, म्हणजे मामाची ताई, घरी शिवणकाम करायची. ती कधी कधी नुसतीच यायची, कडी लावायची, बादली उपडी घालून तिच्यावर बसायची आणि पाच मिनिटं काहीही करायची नाही. बाहेरून कुणी हाक मारली की म्हणायची, "आले, आले," आणि आणखी दोन मिनिटं बसायची. ताईच्या सासूबाई, म्हणजे आजी, अंघोळीला चाळीस मिनिटं लावायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दार कितीही वाजलं तरी त्यांच्या अंघोळीत खंड पडायचा नाही.

मग आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, बाथरूममध्ये धरून उठायला दांडी बसवा.

ताई म्हणाली, "भावाला बोलावते."

चष्मेवाले म्हणाले, "एका दांडीसाठी?"

त्यांनी स्टीलची चकचकीत दांडी आणली आणि कुणाकडून तरी ड्रिल मागून आणलं. आता अशी दांडी आतल्या पत्र्याच्या पट्टीत अडकवायची असते. त्यासाठी पट्टी कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. चष्मेवाल्यांनी पट्टी शोधली नाही. त्यांनी दांडी धरली, मागे गेले, एक डोळा मिटला आणि टाइलच्या रेघेशी ती सरळ दिसते का ते पाहिलं. दिसत होती. मग टाइल, लेप आणि मी, तिघांना चार ठिकाणी भोकं पाडून त्यांनी स्क्रू पिळले. चारातला एकही पट्टीत गेला नाही. सगळे नुसते माझ्यात.

चष्मेवाल्यांनी दांडीला लोंबकळून पाहिलं. "हत्ती बांधा!"

ग्रुप फोटोत पोट आत घेऊन उभं राहणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. मी तसा उभा राहिलो. फरक एवढाच, की त्याचा फोटो निघतो आणि तो सुटतो.

त्या चार भोकांतून पाणी आलं. पहिल्या दिवशी एक थेंब. गार, बारीक, मला तर गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा. आम्हा पांढऱ्यांचा स्वभावच असा, की आलेल्या पाण्याला नाही म्हणता येत नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मी ते पाणी वर वर ओढत गेलो, आणि सहा महिन्यांत टाइलांच्या वर, रंगावर, एक पिवळट डाग उमटला.

डाग सगळ्यांत आधी चिऊने पाहिला. "आई, भिंतीवर बदक आलंय!"

तिने बदकाभोवती पेन्सिलने रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. पुढच्या रविवारी बदक रेघेबाहेर आलं, तिने नवी रेघ ओढली, नवी तारीख घातली. महिन्याभरात बदकाचा उंट झाला. ताईने उंटावर हात फिरवला, दाबला, आणि कपड्याची पारख करावी तशी म्हणाली, "वरचं कापड ठीक आहे. अस्तर भिजलंय."

चष्मेवाल्यांनी दारातूनच पाहिलं. "डाग नाही तो. सावली आहे."

"सावलीला पोपडे येतात?"

"उजेडाचा कोन असतो. तुला नाही कळायचं."

दिवसभर लोकांना बारीकातली बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या गृहस्थांना घरातला उंट दिसेना. पण दिसत नाही म्हणतानाही त्यांनी उपाय सुरू केले. आधी रंग मारला. उंट आठ दिवसांत परत आला, वर नवा रंग खाऊन जरा तजेलदार झालेला, आणि चिऊने त्याच्याभोवती पुन्हा रेघा ओढून तारखा घातल्या. मग त्यांनी एक भलंमोठं स्टिकर आणून चिकटवलं. निळ्या समुद्रात उड्या मारणारे तीन डॉल्फिन. डॉल्फिनच्या मागे मी आणखी फुगलो, आणि त्यातल्या मधल्याला पोट सुटलं. मग त्यांनी सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची बंदूक आणली, आणि टाइलांचा दिसेल तो सांधा बुजवून टाकला. त्याने बाहेरचं पाणी आत येणं थोडं कमी झालं, पण आतलं बाहेर जायचा रस्ताही बंद झाला. नेम धरायला बरं पडावं म्हणून त्यांनी चष्मा काढून टाइलच्या कडेवर ठेवला होता. तो तिथेच चिकटला. दुसऱ्या दिवशी दुकानात ते जुन्या नंबरचा चष्मा लावून लोकांचे डोळे तपासत होते.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका सकाळी ताई डॉल्फिनकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, हे काहीतरी आतून बिघडलंय," आणि चष्मेवाले पटकन बोलून गेले, "तुझ्या भावाचं काम! कच्चं केलंय, दुसरं काय?"

तिने तिथेच, माझ्यासमोर उभं राहून, भावाला फोन लावला. मला फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"भिंत सडली माझी... हो, तू लावलेलीच... बाहेरच्यांची कामं आरशासारखी करतोस, आणि बहिणीचं म्हणून उरकलंस ना?... मग असं का झालं? बोल की. कुठला बोर्ड लावलास, काय केलंस, बोल ना. गप्प का बसलास?"

दारात चष्मेवाले उभे होते, चष्मा पुसत होते, पुसून झालेली काच पुन्हा पुसत होते. खरं काय ते मामा आणि त्यांच्याखेरीज एकट्या मलाच ठाऊक होतं. मी जिवाच्या आकांताने ओरडायचा प्रयत्न केला. रंगाचा एक पापुद्रा खाली पडला. ताई म्हणाली, "बघ, बोलतेय तोवर आणखी पडतंय!" आणि तिने फोन ठेवून दिला.

बहीणभावाचं बोलणं त्या दिवशी थांबलं. पुढचं दीड वर्ष चिऊ दोघांच्या मध्ये टपालासारखी फिरली. ती फोन कानाला लावून बाथरूममध्येच यायची, कारण घरात शांतता तिथेच होती.

"आई, मामा विचारतोय, येऊन बघू का?"

"त्याला सांग, आम्ही परक्यांना त्रास देत नाही."

चिऊ फोनमध्ये म्हणायची, "मामा, आई म्हणतेय, आत्ता नको." ती शहाणी मुलगी होती. मधल्या मधे बरंच काही गाळून घ्यायची.

ताई मग कडी लावून बादलीवर बसायची. आता पाच मिनिटांची दहा मिनिटं व्हायची. एकदा तिने माझ्याकडे बघून "मेल्या" म्हटलं. मला म्हटलं की भावाला, ते मला कळलं नाही. दोघांनाही लागू होतं, आणि दोघांचीही चूक नव्हती.

मी आतून पिठासारखा झालो होतो. पाठीवर काळी बुरशी पसरली होती. आणि रोज सकाळी आजी निश्चिंतपणे ती दांडी धरून उठत होत्या. चार स्क्रूंना मी कसा धरून होतो ते माझं मला माहीत. त्या उठल्या की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टांगणीला लागायचा.

शेवटी एका सकाळी मी हरलो.

आजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करत होत्या. अंघोळ झाली, त्यांनी दांडीला हात घातला आणि अंग उचललं. दांडी आली. चार स्क्रू, दोन टाइल आणि भिजल्या पिठासारखा ओंजळभर मी, सगळे तिच्याबरोबर आलो. आजी वीतभर उठल्या होत्या, त्या धप्पकन परत स्टुलावर बसल्या. स्टूल एका बाजूला सरकलं, भिंतीला टेकलं आणि थांबलं. आणखी थोडं सरकलं असतं तर काय झालं असतं, ते मी आजही मनात आणत नाही.

आजींनी दांडी मांडीवर ठेवली. मग नळाला धरून सावकाश उठल्या, नीट कपडे केले, दार उघडलं आणि दांडी हातात घेऊन बाहेर आल्या. बाहेर चष्मेवाले बूट घालत होते.

"अरे, ही कुठे ठेवू?" आजींनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. दांडीच्या टोकाला माझा लगदा लोंबत होता. त्यांच्या हातातला बूट खाली पडला. उठले, आईला खुर्चीवर बसवलं, तिच्या गुडघ्यांवरून, मनगटांवरून हात फिरवला. हे सगळं मला उघड्या दारातून दिसत होतं.

"मला काही झालं नाही," आजी म्हणाल्या. "पण त्या भिंतीला कुणाला तरी दाखवा."

ताई शिवणयंत्रावरून धावत आली. ती काही म्हणायच्या आत चष्मेवाल्यांनी खिशातून फोन काढला आणि स्वतः मेहुण्याला लावला. "अरे, मी बोलतोय. येतोस का? आत्ता. आईच्या हातात दांडी आली."

मामा दुसरीकडचं काम टाकून, कपड्यांवरची पांढरी धूळ न झटकता आला. दारात आल्यावर मात्र त्याचे पाय अडले. ताई समोर उभी. दीड वर्षाने समोरासमोर. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पाय पूस," ती म्हणाली.

मामाने पाय पुसले. दोनदा पुसले.

आत येऊन त्याने डॉल्फिन सोलून काढले आणि माझ्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्याने मुख्य नळ बंद केला, तोंडाला फडकं बांधलं, आसपासच्या सैल टाइल पटाशीने अलगद उचकटल्या, आणि पेन्सिलीने माझ्यावर आखणी केली. मऊ झालेल्या भागाच्या पुढे, चांगलं कोरडं लागेपर्यंत, पत्र्याच्या पट्टीच्या मध्यापर्यंत. मग छोटी करवत लावली. तुम्हाला वाटेल मला फार दुखलं असेल. खरं सांगतो, किडलेला दात काढावा तसं वाटलं. माझा खालचा भाग सुटून बाहेर आला आणि दीड वर्षाने माझ्या पाठीला हवा लागली.

ताई दारात उभी राहून बघत होती. कापलेली कड तिच्या नजरेतून सुटली नाही. रोज कापड कापणारी बाई ती, कड आधी बघणार. ती पुढे आली, खाली पडलेला तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हा तर पांढरा आहे."

तिने तो मामासमोर धरला.

"ओल्या जागेला हिरवा लावतात ना रे? मावशीकडे लावलास तेव्हा मी बघितलाय. मग माझ्याकडे पांढरा कसा?"

मामा करवतीच्या पात्यावरची भुकटी पुसू लागला. "तेव्हा मिळाला नसेल."

"नसेल? आणायला तूच गेला होतास ना?"

"हो. मग... चुकलं माझं."

मला वाटलं, आता हेही बुजवलं जाणार, वर लेप बसणार, वर टाइल बसणार, आणि आयुष्यभर ते आत कुजत राहणार. तेवढ्यात चष्मेवाले पुढे झाले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. समोरचं नीट दिसू नये म्हणून असेल.

"त्याचं नाही चुकलं. हिरवा मिळत होता. तो हिरवाच घेत होता. मी नको म्हणालो."

"का?"

जवळजवळ पाच वर्षं जपून ठेवलेलं कारण आता चष्मेवाल्यांना ताईसमोर मोठ्याने सांगायचं होतं. काही कारणं दुकानात बरी वाटतात, घरी आणून उघडली की लाज वाटते.

"हिरवट झाक आली असती," ते हळूच म्हणाले.

"कुठून?"

"टाइलमधून."

ताईने खाली पडलेली एक टाइल उचलली. डोळ्यासमोर धरली आणि तिच्याआडून नवऱ्याकडे पाहत असल्यासारखी उभी राहिली. "मला तर काहीच दिसत नाही. तुम्हाला दिसतेय का हो मी? हिरवट दिसतेय?"

बाहेरून आजींनी विचारलं, "काय झालं त्याला?"

"काही नाही आजी," चिऊ ओरडली, "बाबा म्हणतायत, झाक!"

"नाक? नाकाला काय झालं?"

मामा हसू दाबायला भिंतीकडे वळला, म्हणजे माझ्याकडे. त्याचे खांदे हलत होते. ताईने टाइल खाली ठेवली आणि आता त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आणि तू? मी फोनवर तुला एवढं बोलले. दीड वर्ष तुला परका म्हणत राहिले. एक शब्द तोंडातून निघाला नाही तुझ्या?"

"दाजी म्हणाले होते, आपल्यातच राहू दे."

"आणि दाजींनी सांगितलं म्हणून तू बहीण घालवायला निघालास?"

"तसं नाही गं. मी खरं सांगितलं असतं तर तुमच्या दोघांत लागली असती. माझ्यावर चिडून तू फार तर फोन ठेवतेस. यांच्यावर चिडलीस तर जातेस कुठे? याच घरात राहायचं तुला."

ताईने खुंटीवरचा पंचा ओढला आणि त्याच्या पाठीत हाणला. एकदा, दोनदा. पांढऱ्या धुळीचे लोट उठले. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तोच पंचा डोळ्यांना लावून ती बाहेर गेली. धूळ डोळ्यांत गेली, असं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं.

आत दोघेच राहिले. चष्मेवाले बराच वेळ माझ्या पोकळीत बघत होते.

"चुकलो रे," ते म्हणाले.

"दाजी, ती गोणी धरा," मामा म्हणाला. एवढ्यावर मिटलं. चष्मेवाल्यांनी गोणी धरली आणि माझा लगदा, बुरशी, पोट सुटलेले डॉल्फिन, सगळं स्वतःच्या हाताने भरून खाली नेऊन टाकलं.

चिऊने तारखांच्या रेघा असलेला एक कोरडा तुकडा मागून घेतला. भिंतीत पाणी किती चढतं ते तिने वर्गात दाखवलं. तो आता शाळेच्या कपाटात आहे, खाली माझं नाव लिहून. म्हणजे शाळेत जायचं माझ्या नशिबात होतंच, फळा म्हणून नसेना का.

मामा म्हणाला, "आतलं पूर्ण वाळल्याशिवाय मी बंद करणार नाही." तीन दिवस माझ्या पोकळीसमोर पंखा लावला. तीन दिवस हे कुटुंब बादल्या, टॉवेल, साबण घेऊन समोरच्यांच्या घरी अंघोळीला गेलं. पहिल्या दिवशी समोरच्या बाई हौसेने म्हणाल्या, "आपलंच घर समजा." दुसऱ्या दिवशी आजींना पंचेचाळीस मिनिटं लागल्यावर त्याच बाई येऊन, काम कुठवर आलं याची फार आपुलकीने चौकशी करून गेल्या.

चौथ्या दिवशी मामाने गंजलेल्या पट्टीचा तुकडा बदलला, दांडी यायची होती तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये जाड आडवी फळी घट्ट बसवली, आणि माझ्या कापलेल्या कडेला हिरवा बोर्ड आणून भिडवला. आमच्या सांध्यावर कागदी पट्टी चिकटवली, पुट्टी भरली, घासून सपाट केली. हिरव्याची आणि माझी अशी गाठ पडेल असं कधी वाटलं नव्हतं. तो कमी बोलतो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "पाण्याची भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "मलाही वाटते. फक्त तुझ्याएवढी लगेच नाही." तेव्हापासून आमचं बरं चाललंय.

मग लेप, मग टाइल, मग सांध्यांतला भरणा. सिलिकॉनची वेळ आली तेव्हा चष्मेवाले बंदुकीकडे आशेने बघत उभे होते. मामाने त्यांना दारामागचा, कुणाला न दिसणारा वीतभर कोपरा दिला. त्यांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला, मग जीभ दातांत धरून तो कोपरा भरला. वाईट नाही भरला. त्यानंतर मागे होऊन त्यांनी सगळी भिंत न्याहाळली, आणि सवयीने बोलून गेले, "या नव्या दोन टाइल बाकीच्यांपेक्षा जरा..."

ताई, मामा आणि चिऊ, तिघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

"...छान आहेत," चष्मेवाले म्हणाले.

सिलिकॉनला एक दिवस पाणी लागू द्यायचं नव्हतं. त्या दिवशी मामा जेवायला थांबला. ताई त्याला वाढताना सारखी ओरडत होती: बारीक झालास, नखं बघ, धुळीत काम करतोस आणि खोकल्याचं औषध घेत नाहीस. दीड वर्षाची ओरड साठलेली होती, एका जेवणात संपणार नव्हती. मामा मान खाली घालून सगळी मुकाट ऐकत होता आणि प्रत्येक वेळी ताट पुढे करत होता.

दुसऱ्या सकाळी आजी अंघोळीला आल्या. मामा मुद्दाम आला होता. दाराबाहेर चौघांची रांग.

"आई, दांडी धरलीत का?" मामाने विचारलं.

"काय?"

"दांडी! दांडी!"

"आहे. हलत नाही. तुम्ही हला आता, मला अंघोळ करू द्या."

चौघे हलले. आजींनी नळ सोडला. पाणी टाइलांवर आदळलं, घसरलं, दांडीला वळसा घालून खाली गेलं आणि मोरीत उतरलं. मी वाट बघत राहिलो. पहिला थेंब येईल, गुदगुली होईल. पाच मिनिटं गेली, वीस गेली, चाळीस गेली. काही आलं नाही.

आता मी पूर्वीच्या अर्धाच उरलोय. खालचा मी गेला, वरचा आहे. पण आहे तो ठणठणीत आहे. तुमच्या घरी माझं कुणी भावंड असेल आणि त्याच्यावर एखादं बदक उमटलं, तर एवढंच करा: त्याच्यावर डॉल्फिन लावू नका. बदक लहान असतं तेव्हा पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि जाणत्या माणसाला बोलवा. तो घरचाच असेल, तर त्याचं ऐकायला जरा जास्त हिंमत लागते, तेवढी करा.

लोक म्हणतात, माणसामाणसांत ओलावा हवा. असेलही. या घरात तो आता भरपूर आहे. मामा दर आठवड्याला येतो, दारातच ताईची ओरड खातो, आणि हात धुवायच्या निमित्ताने आत येऊन माझ्यावर तळवा टेकवून बघतो.

मी कोरडा असतो. तो मान हलवतो आणि दिवा मालवून जेवायला जातो.